चन्नप्पामामांचा शनिवार

सोलापुरात हेल्मेट घालणारा माणूस एक तर पोलिसाला भितो, नाहीतर ओळखीच्याला. माझे चन्नप्पामामा दुसऱ्या प्रकारातले. त्यांच्याकडे एक काळं हेल्मेट आहे, पुढची काच धुरकट झालेली, आणि ते एक शनिवार सोडून एका शनिवारी संध्याकाळीच बाहेर निघतं. मंगळवार पेठेतल्या आपल्या भांड्यांच्या दुकानापासून मामा स्कूटरवरून थेट होटगी रोड गाठतात, कारण पेठेतल्या वाईन शॉपवर ओळखीचे फार. तिथे हेल्मेट न काढताच काउंटरवर उभे राहतात, लाल झाकणाची एक चपटी घेतात, खिशात घालतात आणि माघारी फिरतात. वाटेत चार-पाच जण हात करतात, कारण तसलं हेल्मेट घालून तसली खडखडणारी स्कूटर चालवणारा माणूस गावात एकच आहे. मामाही उलट हात करतात. तरी आपल्याला कुणी ओळखलं नाही अशी त्यांची पक्की समजूत आहे. त्या समजुतीला मी कधी धक्का लावला नाही.

मामा म्हणजे माझ्या आईचे धाकटे भाऊ. माझं आजोळ अक्कलकोटकडचं, लिंगायतांचं. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. रागावलं की कानडी, लाडात आलं की कानडी, आणि मधल्या सगळ्या व्यवहाराला मराठी. मामांच्या दुकानात स्टील, पितळ, कुकर, आहेराची भांडी. भांड्यावर नाव घालायचं यंत्र ते दुसऱ्या कुणाला धरू देत नाहीत. त्यांचं अक्षर इतकं देखणं की लोक साध्या वाटीवरसुद्धा अख्ख्या खानदानाची नावं घालून घेतात. दुकानावर माळा आहे. शनिवारी माणसं लवकर सोडायची, शटर अर्धं ओढायचं आणि माळ्यावर चढायचं, हा मामांचा नेम. घरी निरोप एकच असतो, "माल लावायचाय." इतक्या वर्षांत एवढा माल लावूनही तो माळा अजून लागलेला नाही. पातेल्यांवर घागरी आणि घागरींवर परातींची चळत, पाय ठेवायला जागा नाही. त्या पसाऱ्यात मामा बसायचे आणि बूड चेपल्यामुळे न खपलेल्या एका स्टीलच्या पेल्यातून अर्धी चपटी घ्यायचे. उरलेली अर्धी पुढच्या शनिवारी. सोमवारी नाही, श्रावणात नाही, सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नाही. झालं की वेलदोडा चघळत, कपाळावरची विभूती ताजी करून घरी. असा शिस्तीचा पिणारा मी दुसरा पाहिलेला नाही, आणि माझ्या सासरी पिणाऱ्यांचा तुटवडा नाही.

शांतम्मामामीला यातलं काही माहीत नाही, असं घरात धरून चाललेलं होतं. तिनंही तसंच धरलेलं होतं. फक्त शनिवारी दुकानात जाणाऱ्या डब्यात ती मूठभर खारे शेंगदाणे जास्तीचे घालायची. माल लावताना भूक लागते, म्हणायची.

हे लपवणं नुसत्या भीतीपोटी नव्हतं. मामीचे वडील स्वतः पिणारे होते, साधेसुधे नव्हे, बैलजोडी विकून पिणारे. मुलगी देताना त्यांनी मामांना सिद्धेश्वराच्या देवळात नेलं आणि हातावर बेलपान ठेवून शपथ घ्यायला लावली, की माझ्या पोरीच्या उंबऱ्याच्या आत दारूचा थेंब येता कामा नये. पिणाऱ्यालाच ते कळतं. मामांनी शपथ घेतली आणि अक्षरशः पाळली. उंबऱ्याच्या आत म्हणजे आत, माळा म्हणजे बाहेर. वकील झाले असते तर नाव काढलं असतं.

तर या मामांना गेल्या वर्षी कुकरच्या एका कंपनीच्या स्कीममध्ये बोटीची सहल लागली. मुंबईहून निघायचं, एक दिवस नुसतं समुद्रावर, मग गोवा आणि परत मुंबई. तीन खोल्या मिळाल्या. एक मामा-मामींची. दुसरी त्यांच्या मुला-सुनेची, पण त्यांना पुण्यात रजा मिळेना. म्हणून मामांनी रीत म्हणून सुनेच्या आईवडिलांना विचारलं. सोलापुरात आमंत्रण नाही म्हणण्यासाठी असतं, त्यांच्या मैंदर्गीत ते हो म्हणण्यासाठी असतं. व्याही शिवराजअण्णा त्याच दिवशी बॅग घेऊन आले. तिसरी खोली मला, कारण मला इंग्रजी येतं आणि माझ्या नवऱ्याला नुसतं पाणी बघून मळमळतं.

शिवराजअण्णा मोठा माणूस. उंच, पांढरेशुभ्र कपडे, आवाज देवळातल्या घंटेसारखा. मैंदर्गीत व्यसनमुक्तीचं मंडळ चालवतात. मामांवर त्यांचा फार जीव, कारण त्यांच्या मते मामा हे निर्व्यसनी व्यापाऱ्याचं जिवंत उदाहरण. भाषणात तसं नाव घेऊन सांगतात. मामा पहिल्या रांगेत मान खाली घालून बसतात आणि लोकांना तो विनय वाटतो.

बोटीचे नियम मी सगळ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले, कारण असली कामं नेहमी माझ्याच गळ्यात पडतात. त्यात एक नियम होता, बाहेरची दारू बोटीवर चालणार नाही, सामान तपासलं जाईल. अण्णांनी खाली हात जोडलेली तीन चित्रं टाकली. मामांनी काहीच टाकलं नाही. त्यांनी दिवस मोजले आणि समुद्रावरचा तो दिवस नेमका शनिवार निघाला.

मामा भांड्यांचे व्यापारी, त्यामुळे त्यांचा विश्वास पत्र्यावर. दुकानातला सगळ्यात जाड पत्र्याचा फिरकीच्या झाकणाचा डबा त्यांनी घरी आणला. मामीनं त्यात प्रवासासाठी शेंगाचटणी भरली. दुपारी ती जरा आडवी झाली तशी मामांनी चपटी पिशवीत गुंडाळून चटणीत पुरली आणि झाकण फिरवलं. एवढ्या जाड पत्र्यातून कसलं यंत्र आरपार बघतंय, असा हिशेब. शपथेचा विचार त्यांच्या मनात आला होता, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. पण त्यांनी स्वतःची समजूत घातली, की ही बाटली घरी राहायला आलेली नाही, नुसती वाटेत थांबलीय. मोहोळवरून जाणाऱ्या एसटीतला माणूस काही मोहोळचा होत नाही. असली समजूत ज्याची त्यालाच पटते.

मुंबईला बोटीच्या धक्क्यावर सामान पट्ट्यावरून सरकायला लागलं आणि मामीची पिशवी आत गेली तशी पट्टा थांबला. जाड पत्रा आतलं काही दाखवत नाही, हे मामांचं म्हणणं खरं होतं. आणि म्हणूनच तपासणीवरच्या पोरीनं डबा बाहेर काढायला लावला.

"अंकल, इसमें क्या है?"

मामांनी कपाळावरची विभूती चाचपली. मागे अण्णा, त्यांच्या मागे विहीणबाई, त्यांच्या मागे सगळी रांग. मी मामांकडे बघितलं आणि मला एकदम सगळं कळलं. मामांची अब्रू म्हणजे काय चीज आहे ते मला माहीत होतं. मैंदर्गीच्या भाषणांतून ती तालुकाभर गेलेली होती.

"शेंगाची चटणी हाय, सोलापूरची," मामी शांतपणे म्हणाली. "उघडून बघा की."

पोरीनं झाकण फिरवलं, हातमोजा घातला आणि एक लांब पट्टी घेऊन डबा तळापर्यंत ढवळला. वरून ढवळला, कडेनं ढवळला, मग तिला सटासट शिंका आल्या. डब्यात चटणीशिवाय काही नव्हतं. मामीनं तिला कागदावर थोडी चटणी दिली, भाकरीशी खा म्हणाली, आणि आम्ही पुढे सरकलो.

मामांचा चेहरा मी जन्मात विसरणार नाही. फाशी रद्द झालेल्या माणसाला आनंद व्हायला हवा. यांना निम्माच झाला. बाटली गेली कुठे? गाडीत हमालानं काढली? अण्णांच्या हाती लागली? की यंत्रानंच गिळली? आणि विचारायचं कुणाला? चोराच्या आईनं हंड्यात तोंड घालून रडायचं असतं, आणि मामांच्या दुकानात हंडे पुष्कळ असले तरी बोटीवर एकही नव्हता.

खोल्या लहान पण झकास होत्या. माझी आणि मामांची शेजारी-शेजारी, प्रत्येकीला पुढे समुद्रावर बाल्कनी, मध्ये नुसती एक पातळ फळी. अण्णांची खालच्या मजल्यावर. मामीनं आत शिरल्या शिरल्या त्या खोलीचं घर करून टाकलं. आरशापाशी सिद्धेश्वराची तसबीर ठेवली, विभूतीची डबी ठेवली, दाराला रांगोळीचं स्टिकर लावलं. मग ती उंबरा शोधायला लागली. दाराशी नुसता गालिचा, उंबरा कुठला असणार. बाल्कनीत पाऊल टाकताना मात्र ती ठेचाळली. त्या दाराला खाली वीतभर उंच लोखंडी पट्टी होती, पाणी आत येऊ नये म्हणून. "हा बघ, हितं हाय," ती खूष होऊन म्हणाली, आणि त्या पट्टीला तिनं हळदीकुंकवाची बोटं लावली. मामा पलंगावर बसून हे बघत होते. त्या दोन बोटांनी त्यांची हातची सोय बंद झाली. खोलीत गुपचूप मागवून, मामी आंघोळीला गेली की उरकायचं, असा त्यांचा बेत होता. आता खोली म्हणजे रीतसर घर झालं होतं.

तरी माणूस हटला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ते गॉगल आणि टोपी घालून बोटीवरच्या दुकानात गेले, हेल्मेट नव्हतं म्हणून. बाटली घेतली, पैसे चुकते केले आणि हात पुढे केला. दुकानदार म्हणाला, साहेब, इथे घेतलेली बाटली उतरताना मिळते, सहलीत नाही. विकत घेतलेली वस्तू विकणाऱ्याकडेच राहते, हा व्यापार मामांना आयुष्यात पहिल्यांदा दिसला. मग ते बारमध्ये जाऊन एका उंच स्टुलावर चढले. पाय जमिनीवरून सुटतात न सुटतात तोच मागून घंटा वाजली.

"पाव्हणं, तुमी हितं?"

"हितला एसी बरा वाटला, अण्णा," मामा म्हणाले.

अण्णांना ते पटलं. ते शेजारच्या स्टुलावर बसले, दोन लिंबू सरबतं सांगितली आणि समोरच्या बाटल्यांकडे बोट करून कुठली बाटली माणसाचा कुठला अवयव खाते ते समजावत बसले. बारवाल्या पोराला मराठी येत होतं असं मामांचं म्हणणं, कारण तो सारखा आत जाऊन हसून येत होता.

राहता राहिला फोन. शनिवारी सकाळपासून मामी बाथरूममध्ये गेली की मामा खोलीतला फोन उचलायचे. घर तर घर, निदान बाल्कनीत उभं राहून घेऊ, मग बघू, इतपत ते आता आले होते. पण पलीकडचा माणूस खोलीचा नंबर विचारायचा, नाव विचारायचा, सोडा की पाणी विचारायचा, आणि तोवर कडी वाजून मामी बाहेर यायची. मग मामा मोठ्यानं म्हणायचे, "हां, दो चाय." दुपारपर्यंत तीनदा चहा आला. मामीनं तीनही वेळा न बोलता प्यायला.

दुपार कलल्यावर मामी माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर टेकली.

"उत्कर्षा, खोलीत काय मागवायचं असलं तर कसं सांगायचं गं?"

"चहा सांगू का, मामी?"

"चहानं पोट फुगलंय माझं. चहा न्हाय. तुझा मामा माळ्यावर बसून जे पितो, ते."

"मामी, तुला माहीत होतं?"

"आख्ख्या मंगळवार पेठेला म्हाईत हाय," मामी म्हणाली. "मी काय पुण्यात ऱ्हाती?"

कुठली मागवायची, असं मी विचारलं, तर तिला नाव सांगता येईना. लाल झाकणाची, एवढंच ती म्हणाली. मी माझं सगळं इंग्रजी पणाला लावून लाल झाकण फोनवरून समजावलं. दोन पेग, सोडा, बर्फ, आणि मामीच्या सांगण्यावरून खारे शेंगदाणे. मामी उठली, पदर नीट केला आणि गेली. मी फोन ठेवला आणि सरळ माझ्या बाल्कनीत जाऊन बसले. चोरून ऐकणं वाईट, हे मला कळतं. पण फळी पातळ असेल तर तो दोष बोटीचा.

सूर्य उतरायला लागला होता. वरच्या डेकवर अण्णांनी पाच-पंचवीस माणसं जमवून लिंगायत संतांची वचनं म्हणायला सुरुवात केली होती, ती वाऱ्यावर तुटक-तुटक येत होती. तेवढ्यात शेजारची बेल वाजली.

"गलत रूम," मामा घाईघाईनं म्हणाले. "हमने नहीं मंगाया. ले जाओ, ले जाओ."

"सर, मैडम ने मंगाया है."

दार लागलं. बाल्कनीचं दार सरकलं. मामीची पावलं आधी बाहेर आली.

"घरात न्हाय," तिचा आवाज आला. "हा उंबरा, ह्याला मी हळदकुंकू लावलंय. हे ह्याच्या बाहेर. दोन खुर्च्या हायत हितं. कूड्री."

कूड्री म्हणजे बसा. मामा बसले नाहीत. "शांता, तुला कुणी सांगितलं? उत्कर्षानं?" माझ्यावर आळ घ्यायला त्यांना एक क्षणही लागला नाही.

"चटणीनं सांगितलं. मी डबा भरला तवा चटणी बोटभर खाली हुती. उठून बघते तर झाकणाला लागलेली. चटणी काय वाढती व्हय?"

यानंतरचं दोघं कधी कानडीत, कधी मराठीत बोलली. मी मराठीतच सांगते. मामी म्हणाली, "बाटली काढली. तुमी इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती उंबऱ्याच्या आत आणली. ते मला लागलं. लई लागलं. बाबाची आठवण आली. मग तुमच्या सदऱ्यातनं किल्ली घेतली आन् दुकान उघडून माळ्यावर नेऊन ठिवली. जितली तितं."

"तू माळ्यावर गेलतीस?" मामांचा आवाज लहान झाला होता.

"गेलते. आन् हे घेऊन आले."

फळीच्या खालच्या फटीतून मला मामीचा हात दिसला. तिनं ट्रेवरचा काचेचा ग्लास बाजूला सारला आणि तिथे स्टीलचा एक पेला ठेवला. बूड चेपलेला, एका अंगाला कललेला. मामा तो पेला बघून खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्चीनंच त्यांना धरलं म्हणा.

मामीनं आपल्या हातानं ओतलं. तिला अंदाज नव्हता, ती भडाभडा ओतायला लागली. "साक, साक," मामा घाबरून म्हणाले. पुरे, पुरे. मग सोड्याचा फस्स आवाज आला. त्यांनी पेला उचलला नाही.

"मी शपथ मोडली," ते म्हणाले. "डबा घरात आणला तवाच मोडली. चुकलं माझं."

"चुकलंच," मामी म्हणाली. तिनं ते गुळगुळीत केलं नाही, आणि मला ते आवडलं. "पन मी त्यासाठी बसवलं न्हाय तुमाला. माळ्यावर काय बघितलं सांगू? तितं एकच खुर्ची हाय."

मामांनी पेला ट्रेवर फिरवल्याचा आवाज आला.

"बाबा प्यायला गेला की आई दारात वाट बघत बसायची. ती वाट माझ्या नशिबी येऊ नये म्हणून त्यानं तुमाला देवळात नेलं. तुमी शपथ पाळली. घरात थेंब आला न्हाय, खरं हाय. पन शनिवारी तुमी बी आला न्हाय. सगळ्या शनिवारी मी दारात बसले की, आईसारखीच. डब्यात शेंगदानं घालायची आन् वाट बघायची."

वर डेकवर अण्णांचं वचन संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला फार वाईट वाटलं. मामांची टर उडवण्यात मी इतकी वर्षं घालवली, हेल्मेटवर हसले, माळ्यावर हसले, आणि मामीची शनिवारची संध्याकाळ कशी जाते हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. सगळ्या घराला मामांचं गुपित गंमत वाटत होतं. त्या गमतीत एक बाई दारात बसलेली होती. मी रडले, आणि नाक ओढल्याचा आवाज पलीकडे जाऊ नये म्हणून पदर तोंडात धरला.

पलीकडे मामा म्हणाले, "मला वाटलं, तुला वास आवडत न्हाय."

"न्हायच आवडत," मामी म्हणाली. "वारा हाय हितं. प्या."

मामांनी पेला उचलला. मामीनं उरलेला सोडा काचेच्या ग्लासात ओतून घेतला, एक घोट घेतला आणि हा नाकात जातो म्हणाली. मग शेंगदाण्यांचा आवाज येत राहिला. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा मामा तिला सांगत होते की अमक्या कंपनीच्या परातीला पुढच्या हंगामात लई मागणी येणार, आणि मामी व्हय व्हय म्हणत होती. तिला परातीत काडीचा रस नाही. मी आत गेले आणि दार ओढून घेतलं.

दुसऱ्या पेगला मामांनी हात लावला नाही. तो मामीनं समुद्रात ओतला, वरुणाला नैवेद्य म्हणून.

सोमवारी मुंबईला उतरताना एक घोटाळा राहिलाच होता. शुक्रवारी पैसे भरलेल्या बाटल्या दारात मांडून ठेवल्या होत्या आणि गणवेशातला माणूस मोठमोठ्यानं नावं पुकारत होता. चन्नप्पा हे नाव त्यानं माइकवरून पुकारलं. आमच्या पुढे अण्णा होते. ते थांबले, वळले, त्यांनी त्या बंद पिशवीकडे बघितलं, आतून बाटलीची मान दिसत होती. मामांचा रंग उडाला.

"पाव्हणं," अण्णा म्हणाले, "हे काय?"

मामा तोंड उघडणार तोच मामी पुढे झाली. "माझं हाय," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन तिनं चटणीच्या डब्याशेजारी ठेवली. वर विहीणबाईंना विचारलं, की त्यांच्या बॅगेत आणखी काही मावतंय का. मुंबईपासून सोलापूरपर्यंत अण्णांनी दारूचा विषय काढला नाही. तेव्हापासून भाषणात ते मामांचं नाव घेत नाहीत. मामांना त्याची खंत वाटेल असं मला वाटलं होतं, पण ते म्हणाले, मान खाली घालून मान दुखायला लागली होती.

मामा सुधारले का, असं कुणी विचारलं तर मी भांडेन. अर्धी चपटी अजून चालू आहे आणि सोमवार-श्रावण-गड्डा अजून कडक आहेत. घरात थेंब नाही, बोटीवरची ती बाटलीसुद्धा परस्पर माळ्यावर गेली. फक्त हेल्मेट आता खुंटीवर असतं. होटगी रोडला जाताना स्कूटरवर मागे मामी बसते, मामा बाटली घेऊन येईपर्यंत ती रस्त्याच्या पलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यापाशी थांबते, आणि ओळखीचं कुणी दिसलं की मामांच्या आधी तीच हात करते.

परवाच्या शनिवारी मला एका लग्नासाठी ताट-वाटी हवी होती म्हणून मी दुकानाशी गेले. शटर अर्धं खाली. वाकून आत गेले तर यंत्रापाशी कुणी नव्हतं. माळ्यावर आता एक नवा कोरा पेला आहे, हे मला मागाहून कळलं. त्यावर मामांनी आपल्या देखण्या अक्षरात नाव घातलंय, नुसतं शांतम्मा. नवऱ्याचं नाव नाही, आडनाव नाही, कुणाकडून सप्रेम भेट नाही. मामी त्यातून गोटीसोडा पिते.

मी जिन्यापाशी उभी राहून हाक मारली. वरून हसण्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"मामी, ताट-वाटी बघायचीय. वर येऊ का?"

"नको," मामीचा आवाज आला. "जरा येळानं ये. आमी माल लावतोय."